वानोळा

घाई नाही. जिथे असाल तिथे जरा टेकून बसा. पाठीला आधार असू द्या. उजवा हात मांडीवर, तळवा वर. पान मांडलंय, वाढायचं अजून व्हायचंय. जेवणाआधीचा हा रिकामा वेळ एरवी आपण काहीबाही करून भरून टाकतो. आज तो तसाच राहू द्या.

मालेगाव म्हटलं की बहुतेकांना नाशिककडचं आठवतं. आपण जातोय ते वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावला, वऱ्हाडात. अकोल्याहून पातूर, मेडशी करत वाशिम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि कारंजा, शेलूबाजारकडून मेहकरला जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. चार दिशांची माणसं इथे एसटीतून उतरतात, काहीतरी खातात आणि पुढची गाडी धरतात. माझ्या आजोळचं शेत इथून जवळच. लहानपणी आम्हीही असेच उतरायचो आणि मामाची बैलगाडी येईपर्यंत स्टँडबाहेर उभे राहायचो, नाकाने आणि कानाने जेवत.

पौषातली सकाळ आहे असं समजा. डोळे मिटा. वासाआधी आवाज येतो. आमच्याकडे भुलाबाईच्या दिवसांत मुली खिरापतीचा डबा झाकून ठेवतात आणि नुसता हलवून दाखवतात. आत काय आहे ते आवाजावरून ओळखायचं. फुटाणे खुळखुळतात, लाडू गडगडतो, पेढा बोलतच नाही. तसं ऐका. गाड्यावरच्या कढईत आलुबोंडा सोडला की आधी मोठा चरचराट होतो. पीठ ओलं असतं, त्यातलं पाणी तेलात उडत असतं. मग आवाज हळूहळू बारीक होतो, पातळ होतो, नुसती कुजबुज उरते. तळणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असतं, तो सुट्टे पैसे मोजत असतो, कोणाशी बोलत असतो. पण ती कुजबुज ऐकू आली की त्याचा झारा आपोआप खाली जातो.

त्या झाऱ्याच्या वेळेवर जरा थांबा. त्या माणसाने किती हजार वेळा ऐकलं असेल, तेव्हा हाताला हे कळायला लागलं असेल.

इथे आलुबोंड्याला बटाटेवडा कोणी म्हणत नाही. बटाटा म्हणजे आलू, कोथिंबीर म्हणजे सांभार, टोमॅटो म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी भेदरं. प्लेटमध्ये आलुबोंडा चमच्याने फोडतात, त्यावर रस्सा, रस्स्यावर लाल तर्री, वर बारीक चिरलेला कांदा. बाजूला मीठ लावून तळलेली हिरवी मिरची. कोणी रस्स्याऐवजी कढी घेतो. वाफ तोंडावर येते. अजून खाऊ नका. आधी नुसतं बघा, यात कोण कोण आलंय.

वरचं आवरण हरभऱ्याच्या डाळीचं. तो या जमिनीचा जुना रहिवासी. हळद जुनी, मोहरी जुनी, तेल काढायचं ज्ञान जुनं. आलू मात्र परका, आणि मिरचीही. दोन्ही पिकं अमेरिका खंडातली; सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगिजांच्या वाटेने आपल्याकडे पोचलेली. त्याआधीच्या वऱ्हाडात ठेचा नव्हता. तिखट लागायचं ते मिऱ्याचं, सुंठीचं, मोहरीचं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आजीच्या पाटा-वरवंट्याकडे बघत राहिलो होतो. तिच्या हाताला मिरची इतकी आपली वाटायची की ती समुद्र ओलांडून आली असेल हे मनाला पटेना. आलेल्याला ठेवून घ्यायला गावाला किती वर्षं लागली असतील? आणि शेवटी किती पूर्ण ठेवून घेतलं, की परकेपणाची खूणसुद्धा उरली नाही.

आता एक घास घ्या. सावकाश. आधी कुरकुरीतपणा जातो, मग आलूचा मऊपणा येतो, आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, घशापाशी तर्री जागी होते. कानामागे घाम येतो. पाणी लगेच पिऊ नका; त्या जळजळीबरोबर थोडं बसा. ती स्वतःहून उतरते.

रस्सा संपला. प्लेट पुढे करा. बोलायची गरज नाही. डाव येतो आणि रस्सा पडतो. पुन्हा संपला तर पुन्हा पडतो. त्याचे वेगळे पैसे नसतात. गाड्यावरचं गणित इतकं घट्ट असतं, तेलाचा डबा, गॅसची टाकी, कांद्याचा भाव, आणि त्या घट्ट गणितात हा एक डाव मोकळा सोडलेला असतो. तो जास्तीचा डाव लक्षात राहू द्या. त्याच्याचसाठी मी तुम्हाला इथे आणलंय.

चला आता शेताकडे. हळू चालू. पायाखाली काळी माती, हिवाळ्यात वरून कोरडी आणि आतून ओलसर. जूनमध्ये पाऊस पडला की इथे सोयाबीनच्या काही ओळी आणि मध्ये तुरीची एक ओळ अशी पेरणी होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघून जातं आणि तूर एकटी मागे उरते, विरळ, उंच, माणसाच्या डोक्याएवढी. तिला तिचा वेळ लागतो. सोयाबीन शंभरेक दिवसांत हातात येतं. तूर त्याच पावसावर पेरलेली असून पौष बघितल्याशिवाय पिकत नाही. मुळं खोल जातात, खालची ओल शोधत बसतात.

शेंगा अजून हिरव्या आहेत, फुगलेल्या, काहींवर जांभळट रेघा. एक तोडा. अंगठ्याच्या नखाने शिवण उसवा. आत तीन-चार दाणे, ओलसर, हिरवे. हे सोले. वऱ्हाडात थंडीचे दोन महिने या सोल्यांचे असतात. वांग्यात सोले, भातात सोले, वाटून त्यांची आमटी, सारण करून कचोरी. शेंगा नुसत्या मीठ घालून उकडल्या तरी चुलीभोवती माणसं जमतात. पुढे तूर वाळली, डाळ झाली, की तिचे फुणके होतात: भिजवलेली डाळ भरड वाटायची, तिखट-मीठ-सांभार घालून मुटके वळायचे, वाफवायचे, कढीबरोबर खायचे. पण ते नंतर. सोला थांबत नाही. आठवडाभरात शेंग निबर होते आणि ती गोडी जाते.

म्हणून वानोळा. शेतातलं पहिलं जे काही येईल, सोले, हुरड्याची कणसं, वांगी, अंबाडीची भाजी, ते बाजारात जाण्याआधी शेजाऱ्याच्या, सोयऱ्याच्या, गावातल्या ज्या घराला शेत नाही त्याच्या दारात जातं. माझ्या लहानपणीचं सगळ्यात मोठं काम हेच होतं. आजी पितळी गंजात शेंगा भरून द्यायची आणि कोणाकोणाकडे जायचं ते सांगायची. नावं मला पाठ होती. परत येताना गंज कधी रिकामा नसायचा. कोणी मूठभर तीळ टाकायचं, कोणी गुळाचा खडा. भांडं रितं पाठवू नये, एवढंच आजी म्हणायची. कारण तिने कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

एका वर्षी मामाच्या तुरीला मर लागली. उभी झाडं आठ-दहा दिवसांत वाळली, शेंगा भरल्याच नाहीत. बांधाच्या कडेची थोडी झाडं वाचली. त्याही वर्षी वानोळा निघाला. गंज नव्हता, वाटी होती. प्रत्येक घरी एक मूठ. मला लाज वाटली होती एवढंसं घेऊन जायची. ज्या घरी गेलो तिथल्या मावशींनी ती मूठ दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि मग सुपात ठेवली. त्या दोन हातांवर मी नंतर पुष्कळदा बसून विचार केला आहे. तुम्हीही थोडा वेळ त्या हातांकडे बघा. २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वाशिम होता. वानोळा पाठवणारं घर आणि कर्जाखाली दबलेलं घर, पुष्कळदा ते एकच घर असतं.

आता थोडं मागे जाऊ. मालेगावहून वाशिम साधारण वीस किलोमीटर. त्या गावाचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात ज्याच्या प्रधानाचा, वराहदेवाचा, लेख आहे तो हरिषेण याच घराण्यातला. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचं साहित्यविद्येशी लग्न लावलं ते याच गावात. पण आपल्याला आज लग्नाच्या मांडवात जायचं नाही. आपल्याला एक ताम्रपट बघायचा आहे.

१९३९ साली वाशिमला तो मिळाला. वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी दिलेला, म्हणजे चौथ्या शतकातला. नांदेडकडचं एक गाव त्याने ब्राह्मणांना दान दिलं. वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे लेख संपादून ठेवलेत, त्यात तो वाचता येतो. वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष देण्याचा मजकूर प्राकृतात. मला हे फार आवडतं. मोठेपणा सांगायला दरबाराची भाषा, आणि द्यायची वेळ आली तेव्हा लोकांची.

त्या प्राकृत मजकुरात सवलतींची यादी आहे. या गावात राजाच्या शिपायांनी शिरू नये. या गावाकडून मीठ घेऊ नये. फुलं घेऊ नयेत, दूध घेऊ नये. बसायला कातडी आणि जाळायला कोळसा मागू नये. यादी जितकी वाचाल तितकं तिच्या मागचं गाव दिसायला लागतं. कारण ज्यातून सुटका दिली, ते इतर गावांना द्यावं लागत होतं. राजाचा माणूस दौऱ्यावर आला की त्याच्या चुलीचा कोळसा गावाने द्यायचा, त्याचं दूध गावाने द्यायचं. ताम्रपटात दान घेणाऱ्यांची नावं आहेत. ज्या बाईने गाय दोहून ते दूध शिपायाच्या भांड्यात ओतलं असेल तिचं नाव नाही.

मीठ, दूध, निखारे. हे तीन शब्द मनात ठेवा. एका जेवणाला आणखी काय लागतं? सोळाशे वर्षांपूर्वी याच रस्त्याच्या टापूत त्यांचा हिशेब तांब्यावर कोरला गेला, कारण ते मागून घेतलं जायचं. मागून घेतलेलं दूध आणि दारात आलेली मूठभर शेंग, दोन्ही अन्नच. एकाच्या वेळी हात आखडलेला असतो, दुसऱ्याच्या वेळी पुढे आलेला. आपल्या मांडीवरचा हात पुन्हा बघा. बोटं मिटली असतील तर उघडा.

आणि आता रोडगे. इथे मात्र खरंच वेळ लागणार आहे.

रोडगा हा नवसाचा पदार्थ. एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला रोडगाच वाहायचं कबूल करते, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही देवाला द्यायची गोष्ट म्हणून तो सगळ्यांना माहीत होता. वऱ्हाडात मारुतीला, म्हसोबाला, शेतातल्या देवाला रोडगे होतात. घरात ते क्वचितच. शेतात, झाडाखाली, उघड्यावर, आणि कधीच एकट्यासाठी नाही.

मामा शेतातल्या लिंबाखाली जागा झाडायचा. गोवऱ्या उभ्या रचायचा, मध्ये हवा खेळेल अशा, खाली तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्यांचं सरपण. पेटवलं की जाळ कमरेएवढा उठायचा. आम्ही पोरं भोवती. मामी जाडसर दळलेल्या गव्हाची कणीक घट्ट मळत बसलेली, त्यात मीठ, ओवा, तेल. मळून झालं की ती लहान लहान पोळ्या लाटायची, एकीला तेल लावून त्यावर दुसरी, त्यावर तिसरी, आणि सगळ्यांना बाहेरून एका पोळीत गुंडाळून गोळा वळायची. गोळा बाहेरून साधा दिसतो. आतले पदर तिला एकटीला माहीत.

"मामा, टाकायचे ना आता?"

"काहून घाई करतं, बापू? जाळ बसू दे. जाळावर टाकलं त वरून करपते अन् आतून कच्चं राह्यते."

मग आम्ही जाळ बसायची वाट बघायचो. तुम्हीही बघा. आधी ज्वाळा पिवळ्या, मोठ्या, आवाज करणाऱ्या. मग लाल, बुटक्या. मग ज्वाळा जातात आणि गोवरीची गोवरी आतून उजळलेली उरते, तिच्यावर राखेची पातळ साय. हा इंगळ. वारा आला की साय उडते आणि आतला लाल डोळा दिसतो, वारा गेला की पुन्हा झाकतो. तुमचा श्वासही आता त्या लयीत असू द्या. आत घेताना उजळतो. सोडताना झाकतो.

मामा काठीने इंगळ पसरायचा, रोडगे त्यात ठेवायचा आणि वरून गरम राख ओढायचा. आता बघायला काही नाही. सगळं राखेखाली चाललंय. शेजारच्या चुलीवर तुरीचं वरण शिजतंय, दुसऱ्या पातेल्यात वांग्याची भाजी, तिची तर्री वर आलेली. माणसं जमायला लागतात. कोणाला बोलावलेलं असतं, कोणी धूर बघून येतं. मधून मधून मामा एखादा रोडगा राखेतून काढून कुशीवर फिरवतो आणि पुन्हा झाकतो. तासभर जातो. या तासात कोणी काही विशेष बोलत नाही. पिकाचं बोलतात, पोरीच्या सोयरिकीचं बोलतात, आणि गप्प होतात. भूक लागलेली असते, पण भुकेची तक्रार कोणी करत नाही, कारण सगळ्यांना सारखीच लागलेली असते.

मग तो राखेतून बाहेर येतो. काळा-करडा, फुटलेला, दगडासारखा. मामा तो फडक्यात धरून चोळतो, राख झडते, खाली गव्हाचा तांबूस रंग निघतो. पहिला देवाला. दुसरा तो दोन्ही तळव्यांत दाबतो, आणि तो फुटतो. तेव्हा ते पदर दिसतात. एकात एक, वाफाळलेले, तेलाने सुटे झालेले. त्या फटीत तूप सोडतात. तूप दिसेनासं होतं. वरून वरण. आता त्यात राखेचा वास आहे, ओव्याचा आहे, धुराचा आहे, आणि या सगळ्यांच्या खाली गव्हाचा गोडवा. दात लगेच लावू नका. बोटांनी कुस्करा. बोटांना आधी कळू द्या.

माघात, रथसप्तमीला, मालेगाव तालुक्यातल्याच डव्ह्याला नाथ नंगे महाराजांची यात्रा असते. तिथे हीच गोष्ट फार मोठी होते. पुरी-भाजीचा महाप्रसाद, आणि पंगतीत बसलेली आसपासच्या गावांची माणसं. कोण कुठला, कोणत्या घरचा, विचारत नाहीत. गावोगावचं धान्य आलेलं असतं. कोणी मागायला गेलेलं नसतं. मी त्या पंगतीत बसलोय. शेजारचा माणूस मला ओळखत नव्हता, पण माझ्या पानातली भाजी संपली हे माझ्याआधी त्याने बघितलं आणि वाढणाऱ्याला हाक मारली.

रस्ता मात्र आता बदललाय. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो याच जिल्ह्यातून जातो. कारंजा-मेहकरच्या जुन्या रस्त्याने जाणाऱ्या कितीतरी गाड्या आता त्यावरून न थांबता निघून जातात. ज्याला लांब जायचं आहे त्याचं बरं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. फक्त कधी त्या बाजूला असाल आणि हातात तासभर असेल, तर मालेगावला उतरा. चौकात जा. प्लेट घ्या, रस्सा संपला की पुढे करा.

शेतातली पंगत उठली की भांडी घासायची, चटया झटकायच्या, चूल विझवायची. पण मामा इंगळ विझवायचा नाही. एक रोडगा मागे ठेवलेला असायचा, तो राखेत सरकवून वरून राख ओढायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी त्याला विचारलं, हा कोणाचा? त्याने रस्त्याकडे पाहिलं. दिवस मावळत होता, रस्त्यावर कोणी नव्हतं. "येईन कोनी," म्हणाला, आणि बैल जुंपायला गेला.

आता इकडे या. पान तुमच्यासमोर आहे. वाढायला आलेत, वरणाचा डाव तुमच्या पानावर आहे. हात आडवा धरू नका.